बसवनगुडीतील गोखले

बेंगळूरुच्या बसवनगुडी भागात बुल टेंपल रस्त्यावर दोन देवळे शेजारी-शेजारी आहेत. एकात अखंड पाषाणातून कोरलेला प्रचंड नंदी आहे. या वस्तीला नाव मिळाले ते त्याच्यावरून. दुसऱ्यात दोड्ड गणपती, म्हणजे थोरला गणपती. भाद्रपदात या परिसरातील सार्वजनिक गणेशोत्सवांत दिवसचे दिवस मैफली रंगतात. त्या उत्सवाचे जनकत्व आपण लोकमान्य टिळकांकडे देतो. मात्र याच रस्त्यावर, नरसिंहराज कॉलनीत, जी सार्वजनिक विचारसंस्था उभी आहे तिला नाव आहे गोपाळ कृष्ण गोखले यांचे. कन्नड कवी व पत्रकार डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ मध्ये स्थापन केली. गुंडप्पा हे परंपरेत मुरलेले गृहस्थ होते. भगवद्गीतेवरील त्यांच्या ग्रंथास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गीतेवर लिहिणाऱ्या या माणसाला आपल्या संस्थेसाठी गीतारहस्यकार टिळकांचे नाव घ्यावेसे वाटले नाही, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचे घ्यावेसे वाटले. ही निवड सहज समजण्याजोगी नाही. ती समजून घ्यायची तर गोखल्यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

गोखले ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मले. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतून दरमहा आठ रुपये पाठवून धाकट्याचे शिक्षण चालविले. १८८४ मध्ये पदवी घेऊन गोखले पुण्यात आले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि पंचाहत्तर रुपये वेतनावर वीस वर्षे शिकविण्याच्या बंधनात त्यांनी स्वतःला अडकवून घेतले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी अर्थशास्त्र, सरकारी अहवाल आणि निवेदनांची भाषा आत्मसात केली.

त्या काळच्या पुण्यात राजकारणाला धर्माचा स्पर्श होणे अटळ होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून सुधारक आणि सनातनी यांच्यात उभी फूट पडली. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. पाठोपाठ शिवाजी उत्सव सुरू झाला. परक्या सरकारच्या नजरेखाली सभा भरविणे कठीण होते. देवाच्या मांडवात मात्र माणसे आपणहून जमत. टिळकांची ही दृष्टी अचूक होती आणि तिचे श्रेय नाकारणे हा कोतेपणा ठरेल. इंग्रजी न जाणणारा कारागीर आणि दुकानदार राजकारणात आला तो याच वाटेने. पण मेळ्यांतील काही पदांनी मुसलमान शेजाऱ्यांना दुखविले, आणि हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांपासून दूर राहावे असा प्रचारही तेव्हाच झाला. मांडवात आलेल्यांची एकजूट बाहेर राहिलेल्यांना दूर लोटून होत होती. गोखल्यांना सलत होते ते हेच.

या मतभेदाची किंमत त्यांनी वारंवार मोजली. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली. पुढच्या वर्षी रानडे आणि गोखले यांना डेक्कन सभा नव्याने काढावी लागली. १८९७ मध्ये ते वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. इकडे पुण्यात प्लेगच्या झडत्यांसाठी गोरे सोजीर घराघरांत, देवघरांत शिरत होते. मित्रांच्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी सैनिकांच्या अत्याचारांचे आरोप तेथे जाहीरपणे केले. परतल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. पत्रलेखकांची नावे त्यांनी सांगितली नाहीत आणि सरकारची बिनशर्त क्षमा मागितली. टिळक त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले होते, त्यामुळे ही क्षमायाचना लोकांच्या डोळ्यांत अधिकच खुपली. भित्रेपणाचा तो डाग कित्येक वर्षे पुसला गेला नाही.

तरीही गोखल्यांना धर्म नकोसा होता, असे म्हणणे चुकीचे आहे. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या उद्देशपत्रिकेत सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान देण्याची भाषा आहे, आणि राष्ट्रकार्य धर्मभावनेने करण्याची अपेक्षा आहे. सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करायची, तुटपुंज्या वेतनात समाधान मानायचे, स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्ती खर्च करायची नाही, कोणाशी व्यक्तिगत भांडण करायचे नाही आणि जातिधर्म न पाहता प्रत्येक भारतीयाला भाऊ मानायचे. ही संन्याशाचीच व्रते होती. फक्त मठ, देव आणि मोक्ष वगळलेली. टिळकांना धर्मातून समुदायाला जोडणारे सूत्र मिळाले, तर गोखल्यांनी त्यातून उचलली ती कार्यकर्त्याची शिस्त. आजच्या चर्चेत धर्म आणि राजकारण यांच्या संबंधाचा विचार होतो तेव्हा हा दुसरा अर्थ बहुधा कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

त्यांची मर्यादाही येथेच होती. अशी व्रते पेलणारे लोक मूठभरच निघतात. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस दुभंगली तेव्हा संघटना नेमस्तांकडे राहिली आणि जनता जहालांकडे गेली. १९०९ च्या सुधारणांच्या वेळी मुसलमानांची अल्पसंख्य म्हणून वाटणारी भीती गोखल्यांनी खरी मानली. आधी सर्वांची मिळून निवडणूक व्हावी आणि उरलेली उणीव स्वतंत्र मतदारसंघांनी भरून काढावी, अशी त्यांची भूमिका होती. प्रत्यक्षात ती पुरवणी पायंडा होऊन बसली, आणि १९१६ च्या लखनौ करारात टिळकांनीही स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. उत्सवांच्या पुरस्कर्त्याला आणि त्यांच्या टीकाकाराला अखेर एकाच दरवाजाशी यावे लागले. याचा दोष कोणा एकाला देता येत नाही. तिसरा पक्ष, म्हणजे सरकार, स्वस्थ बसलेले नव्हते.

केंद्रीय कायदेमंडळातील त्यांचे मोठे काम मात्र या वादांपलीकडचे होते. १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा, एवढीच बेताची मागणी होती. १९ मार्च १९१२ रोजी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी ते फेटाळले गेले, आणि विरोध करणाऱ्यांत भारतीय जमीनदारही होते. तो हक्क कायद्यात यायला २००९ उजाडले. साक्षर नागरिकाला एकत्र आणण्यास मांडवाची गरज उरणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. पण तो हिशेब पिढ्यांचा होता, आणि राजकारणाला इतका धीर नसतो.

१९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून ते परतले ते मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. स्मशानात टिळकांनी त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला. महिनाभर आधीच भारतात परतलेल्या गांधींना त्यांनी वर्षभर न बोलता देश पाहायला सांगितले होते. गांधींनी गोखल्यांची व्रते घेतली आणि टिळकांचा जनसमुदायही. पुढे खिलाफतीच्या प्रश्नाला हात घालून या दोहोंचा मेळ किती अवघड आहे याचा अनुभवही घेतला.

८ मे १९१५ रोजी गांधी बेंगळूरुला आले, ते गोखल्यांच्या तसबिरीचे अनावरण करण्यासाठी. त्याच वर्षी तरुण गुंडप्पांचे कन्नड गोखले-चरित्र प्रसिद्ध झाले. १९७० मध्ये बेंगळूरुकरांनी वृद्ध गुंडप्पांचा सत्कार करून त्यांना थैली अर्पण केली. त्यांनी ती सारी रक्कम बसवनगुडीतील गोखले संस्थेला देऊन टाकली.