ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

पुण्याच्या स्वारगेटवरून दक्षिणेकडे निघालेली एस्. टी. कात्रजचा व खंबाटकीचा घाट ओलांडून साताऱ्यास आणि तेथून पुढे कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या कऱ्हाडास पोहोचते. कऱ्हाडालगतच गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. इतर मुले विटीदांडू खेळत त्या वयात वडिलांनी त्यांना आखाड्यातील तांबड्या मातीत उतरविले.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत या शाळकरी मुलाने भूमिगत देशभक्तांना आसरा देण्याच्या कामी हातभार लावला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लांची पंढरी. तेथे धिप्पाड पहिलवानांची वाण नव्हती. खाशाबांची उंची मात्र जेमतेम साडेपाच फूट आणि अंगकाठी सडपातळ. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत भाग घेण्यासाठी ते गेले, तेव्हा त्यांचा देह पाहूनच क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. खाशाबा हिरमुसले, पण परत फिरले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि त्यांनी परवानगी मिळविली. मग आपल्याहून थोराड मल्लांना एकामागून एक आस्मान दाखवून त्यांनी ती स्पर्धा जिंकली. मल्लाची पारख डोळ्यांनी करावयाची नसते, ती आखाड्यात करावयाची असते, हे त्या दिवशी साऱ्या महाविद्यालयास कळून चुकले.

महाविद्यालयातून विविध स्पर्धांत आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धेत, अशी पायरी-पायरीने मजल मारीत १९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी निवडले गेले. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला पोहोचल्यावर मात्र एक नवीच अडचण पुढे उभी राहिली. आपल्याकडील कुस्ती मातीवरची. तेथील कुस्ती गादीवरची. मातीत पाय रोवून उभे राहता येते, गादीवर तो सरकतो. शिवाय मातीतील कुस्ती प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकली म्हणजे संपते. गादीवर डावागणिक गुण मोजले जातात. हे सारे खाशाबांनी तेथेच, ऐन वेळी शिकून घेतले आणि सर्वांत हलक्या वजनाच्या गटात सहावा क्रमांक मिळविला. दुसऱ्या कोणास तेवढ्यावर समाधान वाटले असते. खाशाबांनी मात्र घरी परतताच पुढील चार वर्षांची तयारी सुरू केली.

१९५२ चे ऑलिंपिक सामने फिनलंडमधील हेलसिंकी येथे व्हावयाचे होते. त्यापूर्वी मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांचा अवघ्या एका गुणाने पराभव झाला. तो निर्णय अन्यायाचा आहे, अशी त्यांची खात्री होती. पंचांचा निवाडा एकदा दिला गेला की तो फिरत नाही. पण गप्प बसले तर चार वर्षांची मेहनत वाया जाणार होती. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. त्यांची मागणी एकच होती : निवड कृपेने नको, पुन्हा कुस्ती लावून व्हावी. महाराज खेळाचे जाणकार होते. त्यांनी तशी कुस्ती लावली. खाशाबांनी या वेळी गुण मोजण्याचा प्रश्नच उरू दिला नाही. प्रतिस्पर्ध्याला त्यांनी सरळ चीत केले!

निवड झाली, पण पैसा कोठून आणावयाचा? गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी घरोघर हिंडून वर्गणी गोळा केली. तरीही रक्कम अपुरी पडली. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीला खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरविले. पुढे जपानच्या इशीशी गाठ पडली. ती लढत पंधरा मिनिटे रंगली आणि तीत खाशाबा थोडक्यात हरले. ते धापा टाकीत असतानाच रशियाच्या मल्लाशी लढण्याचा पुकारा झाला. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विसावा मिळावा, असा नियम होता. पण तो दाखवून द्यावयास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा लढले आणि हरले. या दोघांनीच पुढे सुवर्ण व रौप्य पदके पटकाविली. खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर जिंकलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्याच वेळी कोल्हापूरचे केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले. त्यांना आपल्या गटात चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

खाशाबा परतले, तेव्हा कऱ्हाड स्टेशनवर १५१ बैलगाड्या सजून उभ्या होत्या. एरवी पाव तासाची गोळेश्वरची वाट, पण त्या दिवशी मिरवणुकीला सात तास लागले. मिरवणूक संपली तरी खाशाबा प्राचार्यांचे ऋण विसरले नव्हते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, तेथे स्वतः लढले आणि आलेल्या पैशांतून गहाण पडलेले ते घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी तेथे चाकरी केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका अपघातात त्यांचा अंत झाला. हयातीत सरकारचा कोणताही मोठा सन्मान त्यांच्या वाट्यास आला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये पदक जिंकले, तोवर चव्वेचाळीस वर्षे दुसऱ्या कोणाही भारतीयाला एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक मिळविता आले नव्हते. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचे नाव ‘ऑलिंपिक निवास’ असे आहे.