सात हजार मीटरवरची हवा

शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकात गे-ल्युसॅक हे नाव एका नियमापुरते येते आणि परीक्षा संपली की विस्मृतीत जाते. मात्र, या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकदा केवळ हवेच्या नमुन्यासाठी प्राण पणाला लावले होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

जोसेफ लुई गे-ल्युसॅक यांचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजी मध्य फ्रान्समधील एका छोट्या गावी झाला. वडील सरकारी वकील. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांना अटक झाली. १७९७ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये दाखल झालेल्या या तरुणाला पुढे विख्यात रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांनी हाताशी धरले. १८०२ मध्ये वायूंच्या प्रसरणाचा नियम प्रसिद्ध करताना, हे काम शार्ल यांनी आधीच केले होते, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली.

उंचावरची हवा जमिनीवरच्या हवेसारखीच असते का, हा त्या काळातील मोठा वादाचा प्रश्न होता. वरच्या थरांत हायड्रोजन साठलेला असावा, असाही एक तर्क होता. उत्तर शोधण्यासाठी ऑगस्ट १८०४ मध्ये गे-ल्युसॅक आणि बियो हायड्रोजनच्या बलूनमधून सुमारे चार हजार मीटरवर गेले. तेवढ्याने समाधान न झाल्याने १६ सप्टेंबरला गे-ल्युसॅक एकटेच निघाले. ७,०१६ मीटरवर पारा शून्याखाली साडेनऊ अंशांवर उतरला. श्वास घेणे कठीण झाले. तरीही निर्वात केलेल्या काचपात्रांत हवा भरून ते सुखरूप उतरले. पृथक्करणाअंती ऑक्सिजनचे प्रमाण जमिनीवरइतकेच निघाले. हायड्रोजनचा मागमूसही नव्हता. उंचीचा तो विक्रम सुमारे अर्धशतक अबाधित राहिला.

याच सुमारास अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट दक्षिण अमेरिकेतून परतले होते. चिंबोराझो पर्वतावर चढून उंचीनुसार बदलत जाणाऱ्या वनस्पतींची त्यांनी नोंद केली होती. त्यांच्या हवेच्या जुन्या मोजमापांवर गे-ल्युसॅक यांनी कठोर टीका केली होती. हम्बोल्ट यांनी मनात राग न धरता मैत्रीचा हात पुढे केला. १८०५ मध्ये दोघांनी मिळून पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजनचे आकारमान दोनास एक असते, हे अचूकपणे दाखवले. त्यातूनच १८०८ चा सुप्रसिद्ध नियम साकारला.

पुढे तेनार यांच्यासह त्यांनी साखर, स्टार्च आणि लाकूड जाळून त्यांतील कार्बनचे प्रमाण मोजले. प्रयोगशाळेतील स्फोटात डोळ्यांना इजा होऊनही काम थांबले नाही. ९ मे १८५० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

१९५८ पासून हवाईतील मौना लोआ येथे कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू झाली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ असलेले प्रमाण आता ४२० च्या पुढे गेले आहे. जंगले किती कार्बन शोषतात, हे जाणण्यासाठी आजही विमानांतून काचपात्रांत हवा भरून आणली जाते. साधने बदलली, पण तर्कावर विसंबून न राहता स्वतः वर जाऊन हवा आणायची, ही गे-ल्युसॅक यांची रीत कायम आहे.