परमुलखातील रुग्णसेवक : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

सोलापूर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सिद्धेश्वराचे तळे, गिरण्यांची धुराडी आणि जाडजूड चादरी उभ्या राहतात. १९३० साली ह्याच शहराने लष्करी कायद्याचे दिवस सोसले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी त्याचे चार सुपुत्र फासावर गेले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या पुस्तकात वाचलेच असेल. पण सोलापूरचा आणखी एक सुपुत्र आहे. त्याचे नाव आपल्याकडे जितके घेतले जाते, त्याहून अधिक आदराने ते हजारो मैलांवरच्या चीन देशात घेतले जाते. ते म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत कारकुनी करीत. घरात मुले पुष्कळ, मिळकत बेताची; तरीही द्वारकानाथांना मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यात वडिलांनी कसूर केली नाही. डॉक्टरकीची पदवी हाती आली आणि पुढील उच्च परीक्षेची तयारी सुरू झाली. आता चार पैसे मिळवील, धाकट्या भावंडांचा भार उचलील, अशी घरच्यांची अपेक्षा असणे स्वाभाविकच होते.

इतक्यात चीनकडून हाक आली. १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर सर्व बळानिशी आक्रमण केले होते. शहरांमागून शहरे पडत होती, जखमींची गणती उरली नव्हती, आणि त्यांच्यावर उपचार करण्यास वैद्य नव्हते. चिनी सेनापती चू ते ह्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ह्यांनी देशाला आवाहन केले, सुमारे २२,००० रुपयांचा निधी गोळा झाला, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या राष्ट्राने दुसऱ्या पीडित राष्ट्रासाठी हात पुढे करावा, ही गोष्ट आम्हांला आजही विलक्षण वाटते. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धातील रुग्णसेवेचा अनुभव त्यांच्या गाठी होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षात असलेले आमचे कोटणीस.

घरी त्यांनी परवानगी मागितली तेव्हा काय झाले असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. सोलापूरच्या त्या घराला चीनची ओळख होती ती दारावर रेशीम विकायला येणाऱ्या चिनी फेरीवाल्यांपुरती. वडिलांनी उत्तेजन दिले. आईचे मन मात्र दुखावले. येथे एक प्रश्न आमच्या वाचकांच्याही मनात येईल. हिंदुस्थानातील खेड्यापाड्यांत वैद्याचे दर्शन दुर्मिळ असताना दूरदेशी जाण्यात काय औचित्य होते? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आम्हांला त्याचे उत्तर कोटणीसांच्या पुढील कार्यातच सापडते, म्हणून ते तेथेच पाहू.

१९३८ च्या सप्टेंबरच्या आरंभी पथकाने मुंबई बंदर सोडले आणि महिनाअखेरीस ते हँकौला पोहोचले. जपानी फौजा जसजशा पुढे सरकल्या तसतसे पथकाला मागे हटत चुंगकिंगपर्यंत जावे लागले. चीनमध्ये येऊन फार काळ लोटला नव्हता तोच कोटणीसांना वडील निवर्तल्याची वार्ता समजली. परत जाण्यास कोणी बोल लावला नसता. ते गेले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक वायव्येकडील येनानला दाखल झाले. माओ त्से-तुंग व चू ते ह्यांचे हे ठाणे. पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहांतच तेथील इस्पितळ होते आणि गुहांतच माणसे राहत.

वर्षाच्या अखेरीस कोटणीस उत्तरेकडील प्रत्यक्ष रणभूमीकडे निघाले. ह्या भागातील रुग्णव्यवस्थेची स्थिती समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. चोहोंकडून नाकेबंदी झालेली. औषधे, भूल देण्याची द्रव्ये, शस्त्रक्रियेची उपकरणे ह्यांपैकी काहीच पुरेसे येत नसे. वापरलेल्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या. इस्पितळ म्हणजे एखादी इमारत नव्हे. शेतकऱ्यांच्या घरांतून रुग्ण विखुरलेले असत आणि शत्रू जवळ आल्याची खबर लागताच सारा संसार खेचरांच्या पाठीवर लादून दुसऱ्या गावी हलवावा लागे. १९४१-४२ मध्ये जपानी फौजांनी गावेच्या गावे जाळण्याचा सपाटा लावला, तेव्हा तर आज येथे, उद्या तेथे अशी अवस्था झाली. ह्याच मुलखात नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे थोर शल्यवैद्य राबत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष रक्तात भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांची उणीव भरून काढण्याचे काम पुढे एका सोलापूरकराच्या वाट्याला आले.

१९४० सालच्या एका लढाईत कोटणीसांनी ७२ तास डोळ्याला डोळा न लावता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या काही दिवसांत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे त्यांची चरित्रे सांगतात. हा पराक्रम मोठाच. परंतु आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण निराळ्या ठिकाणी आहे. एका डॉक्टरचे दोन हात कितीही चपळ असले तरी किती जखमा शिवणार? अशा देशाला औषधापेक्षाही शिकलेली माणसे अधिक हवी असतात, हे त्यांनी ओळखले. १९४१ च्या जानेवारीत त्यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. तेथील वैद्यकीय विद्यालयात ते शिकवू लागले, आणि तेही दुभाषा न घेता, चिनी भाषेत. चिनी लिपी आत्मसात करणे हे काही खेळ नव्हे! खेड्यातील तरुणांना त्यांच्याच भाषेत शल्यविद्या मिळावी म्हणून त्यांनी पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. परभाषेत शिकवताना शिक्षकाची काय तारांबळ उडते, हे घरी कोकणी आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्हांस थोडेफार ठाऊक आहे. म्हणून ह्या गोष्टीचे आम्हांला विशेष कौतुक वाटते.

ही अडचण केवळ त्या काळची नव्हे. आफ्रिकेतील सिएरा लिओन ह्या गरीब देशात १९९१ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चालले. पुढे २०१४ साली तेथे एबोलाची साथ आली, तेव्हा आधीच मूठभर असलेल्या डॉक्टर-परिचारिकांपैकी कित्येक जण रुग्णांची शुश्रूषा करतानाच मरण पावले. इमारत दोन वर्षांत उभी राहते. अनुभवी डॉक्टर घडण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. आमच्या सिल्व्हासात २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. दुधनी-कौंच्यासारख्या डोंगरातील गावांतली वारली-कोकणा मुले तेथे डॉक्टर होऊन आपल्याच बोलीत रुग्णाची विचारपूस करू लागतील, तेव्हा कोटणीसांनी चिनी भाषा शिकण्याचा एवढा खटाटोप का केला हे आम्हांला अधिक उमजेल.

मघाचा प्रश्न येथे पुन्हा घेऊ. कोटणीस चीनला केवळ दान देण्यास गेले नव्हते; साधने नसताना रुग्णालय कसे चालवावे हे ते तेथे शिकतही होते. ती विद्या मायदेशी आणण्याचा अवसर मात्र काळाने त्यांना दिला नाही.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी विद्यालयात परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंग-लान ह्यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या जुलैत ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रुंग-चेन ह्यांच्या सूचनेवरून त्याचे नाव यिन-ह्वा ठेवले. यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. पण अतिश्रमाने कोटणीसांची प्रकृती ढासळली होती आणि त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीसाठी मागे जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ह्या हट्टाची थोरवी गाण्याची आमची इच्छा नाही. त्यांच्यासारखा शिक्षक आणखी वीस वर्षे जगता तर अधिक बरे झाले असते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, होपै प्रांतातील एका खेड्यात त्यांची प्राणज्योत मालवली. मूल साडेतीन महिन्यांचे होते आणि शल्यविद्येचा ग्रंथ अपुरा होता.

१९४६ साली व्ही. शांताराम ह्यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला, तेव्हा त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले. तरी ह्या नावाला चीनमध्ये धक्का लागला नाही. २००६ साली चीनचे अध्यक्ष हू जिंताओ मुंबईस आले असता कोटणीसांच्या नातलगांना भेटून गेले. सोलापुरातील त्यांच्या राहत्या घरी आता स्मारक आहे. यिन-ह्वा मात्र वैद्यकीचा अभ्यास करीत असतानाच १९६७ साली वारला. कुओ चिंग-लान अनेकदा हिंदुस्थानात येऊन सासरच्या मंडळींना भेटल्या. त्या २०१२ साली निवर्तल्या.

डॉक्टरांची समाधी शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. खेचरांच्या पाठीवरून गावोगाव फिरलेले ते बेथ्यून रुग्णालयही आता त्याच शहरात पक्क्या इमारतीत असून तेथे रुग्णांची ये-जा चालूच असते.