डॉ. कमल रणदिवे : कर्करोगाच्या संशोधिका

शास्त्रज्ञांचे चरित्र लिहिताना पदव्या आणि पुरस्कार यांची यादी करून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. डॉ. कमल रणदिवे यांच्या वाट्याला दोन्ही भरपूर आले. 1982 साली पद्मभूषणही मिळाले. परंतु संशोधकाची खरी कमाई म्हणजे त्याचे शोधनिबंध, आणि पुढच्या संशोधकांनी त्यांचा घेतलेला आधार. कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर कमलताईंचे दोनशेहून अधिक निबंध प्रसिद्ध झाले.

त्यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. ज्या शहरात 1848 साली फुले दांपत्याने मुलींच्या शाळेसाठी शेणगोळे झेलले, त्याच शहरात ही मुलगी हुजूरपागेत शिकली. मुलीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. तिने मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले. एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. 1939 साली गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथे टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1949 साली पीएच.डी. मिळविली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याचे तंत्र शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगपेशी तिच्या संमतीवाचून वाढविल्या गेल्या. तंबाखूच्या शेतात राबलेल्या त्या बाईच्या पेशींवर जगभरचे वैद्यक पुढे गेले, तिच्या मुलाबाळांना मात्र कित्येक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. इतिहासाच्या शिक्षकाला ही नोंद गाळता येत नाही.

मायदेशी परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनांचा कर्करोग, त्याचा संप्रेरकांशी व विषाणूंशी असलेला संबंध हा त्यांचा मुख्य अभ्यास. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांचे काम पुढे लसीच्या संशोधनास उपयोगी पडले. 1966 ते 1970 या काळात संस्थेच्या संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा निबंध 1976 सालचा. सहकाऱ्यांसह लिहिलेला हा निबंध कर्करोगाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. विषय होता सुपारी व तंबाखू यांच्या कर्करोगजनकतेची प्राण्यांवरील प्रयोगांतून तपासणी. तंबाखू वाईट, हे तोपर्यंत बरेच जण मान्य करू लागले होते. पण सुपारी? ती तर आपल्या पाहुणचारातली, लग्नाच्या बोलणीतली, मुखशुद्धीची. मेहकर-चिखलीच्या कोणत्याही पानटपरीवर आजही ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ असे अभिमानाने सांगणारे भेटतात, आणि त्यांत आपले माजी विद्यार्थीही असतात.

अशा निबंधाचे मोल लगेच कळत नाही. किती जणांनी संदर्भ दिला याची मोजदाद करतात खरी. पण कोणी आणि कशासाठी दिला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था जगभरचे असे निबंध एकत्र करून एखादा पदार्थ कर्करोगकारक आहे की नाही, याचा निर्णय देते. 1985 साली तिने तंबाखूयुक्त पानविडा कर्करोगकारक ठरविला, तंबाखूविरहित विड्याबाबत मात्र पुरावा अपुरा मानला. विचारात घेतलेल्या कामांत मुंबईचे हे प्रयोगही होते.

कमलताई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण स्वस्थ बसल्या नव्हत्या. 1973 साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्यांनी गावोगाव गोळा करविली आणि स्थानिक स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. 11 एप्रिल 2001 रोजी त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी, 2004 साली, ल्योंच्या संस्थेचा पुढचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखूवाचूनचा विडा, आणि स्वतंत्रपणे सुपारीसुद्धा, माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात नोंदविली गेली.