वालचंद हिराचंद : सोलापूर ते विमानाचं इंजिन

शिक्षक मित्रांनो, पालकहो, सुपरचार्जर शिकवताना मुलांना आधी वालचंद हिराचंद दोशींची गोष्ट सांगा. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेले वालचंद घरचा व्यापार सोडून रेल्वेच्या कंत्राटांत उतरले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं जहाज त्यांनी इंग्लंडला नेलं. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडली, पण ते हटले नाहीत. १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली.

तिथे जुळवलेल्या कर्टिस हॉक विमानाच्या इंजिनात सुपरचार्जर होता. कशासाठी? उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिनाला दम लागतो. सुपरचार्जर इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो आणि हवा दाबून आत भरतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त जोर! टर्बोचार्जर हेच काम बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर करतो.

१९४२ मध्ये, ऐन युद्धात, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. हातातला कारखाना गेला, तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले.

आता रस्त्यावर ‘टर्बो’ लिहिलेला ट्रक दिसला, की मुलांना एवढंच विचारा: यात हवा कोण भरतंय, इंजिन की धूर?