काउंट रम्फर्ड : घरातला धूर घालवणारा शास्त्रज्ञ

चुलीपाशी तासभर बसलात तर कपड्यांना धुराचा वास लागतो. कपडे धुतले की तो जातो. पण भिंती, पडदे, गोधड्या यांत मुरलेला वास लवकर जात नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या श्रीमंतांच्या घरांतही हीच अडचण होती. तिच्यावर उपाय शोधणाऱ्या माणसाची आज ओळख करून घेऊ.

बालपण आणि तारुण्य

त्यांचं मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म 26 मार्च 1753 रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी झाला. वडील लहानपणीच वारले. तेराव्या वर्षी ते एका दुकानात उमेदवारी करू लागले, पुढे शिक्षक झाले. 1772 मध्ये एका श्रीमंत विधवेशी त्यांचं लग्न झालं. अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा पेटला तेव्हा त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली, त्यांना गुप्त बातम्या पुरवल्या आणि 1776 मध्ये लंडन गाठलं. बायको आणि लहानगी मुलगी मागेच राहिली. मुलगी पुन्हा भेटली ती थेट 1796 मध्ये. बायकोची भेट मात्र कधीच झाली नाही.

पुढे त्यांनी जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजदरबारी नोकरी केली. म्युनिकमध्ये भिकाऱ्यांना काम आणि जेवण मिळावं म्हणून त्यांनी कार्यशाळा उभारली. बार्ली, वाटाणे, बटाटे यांचं स्वस्त सूप त्यांच्या नावानेच ओळखलं जातं. तिथेच त्यांना 'काउंट रम्फर्ड' हा किताब मिळाला.

धुराचं कोडं

1795 मध्ये ते लंडनला परतले. तिथे थंडीसाठी भिंतीतच शेकोटी बांधत, वर धुराडं असे. पण धूर खोलीतच पसरे. काजळी आणि डांबरासारखा चिकट अंश पडद्यांवर, गालिच्यांवर बसे आणि विस्तव विझल्यावरही वास रेंगाळे.

धूर घरात का येतो? रम्फर्ड यांच्या लक्षात आलं, की दोष धुराड्याच्या तोंडाचा आहे. ते फार रुंद असल्याने धुराबरोबर खोलीतली पुष्कळ हवाही वर जाते. त्यामुळे धूर थंड होतो, त्याचा वेग मंदावतो आणि वाऱ्याचा झोत आला की तो उलटा घरात शिरतो.

मग त्यांनी पुढील बदल केले :

1. धुराड्याचा गळा सुमारे 4 इंच इतका अरुंद केला. त्यामुळे धूर वेगाने वर जाऊ लागला.
2. गळ्याच्या मागे सपाट कट्टा ठेवला. वरून येणारी थंड हवा त्यावर अडते.
3. शेकोटी उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या. त्यामुळे उष्णता खोलीत परतू लागली.

पण गळा अरुंद झाल्यावर धुराडं झाडणारा आत शिरणार कसा? त्या काळी हे काम लहान मुलांकडून करून घेत. म्हणून रम्फर्ड यांनी एक फरशी काढता-घालता येईल अशी बसवायला सांगितली.

1796 मध्ये त्यांनी ही रीत निबंधातून सर्वांसाठी खुली केली. पेटंट घेतलं नाही. थोडक्या विटा आणि गवंड्याचं थोडंसं काम, एवढ्यावर जुनी शेकोटी सुधारत असे.

पुढचं कार्य

तोफेच्या नळीला भोक पाडताना निर्माण होणारी उष्णता पाहून, उष्णता हा पदार्थ नसून गतीचंच रूप आहे, असं त्यांनी 1798 मध्ये मांडलं. 1799 मध्ये लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. नंतर शास्त्रज्ञ लव्हाझिए यांच्या पत्नीशी त्यांनी दुसरं लग्न केलं, पण ते टिकलं नाही. 21 ऑगस्ट 1814 रोजी पॅरिसजवळ त्यांचं निधन झालं.

आपण काय शिकलो?

घरच्या माणसांना अंतरलेल्या या माणसाने हजारो घरांतला धूर मात्र कमी केला. पडदे कितीही धुतले, तरी धूर येतच राहिला तर वास परत येणारच. आधी कारण शोधा, मग सफाई करा.

करून पाहा : मोठ्यांना सोबत घेऊन बंद खोलीत उदबत्ती लावा. धूर कुठे वळतो ते पाहा. मग खिडकी उघडा आणि काय बदललं ते वहीत लिहा.