धोरणासाठी झोळी पसरणारे नामदार गोखले

शाळा किंवा दवाखाना उभारायचा तर दात्याला निदान इमारत दाखवता येते. सरकारचे धोरण बदलावे म्हणून केलेला अभ्यास, निवेदने आणि भाषणे यांच्यासाठी पैसा मागणे त्याहून अवघड. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही दोन्ही कामे आयुष्यभर केली.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली, म्हणून धाकट्याला १८८४ मध्ये पदवीधर होता आले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याचे व्रत त्यांनी घेतले. फर्ग्युसन महाविद्यालयासाठी सुट्यांमध्ये गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. निधी मागताना येणारे नकार आणि अपमान त्यांनी याच काळात पचवले.

न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना दुसरा धडा दिला. भावना कितीही तीव्र असो, आकड्यांवाचून सरकार हलत नाही. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या जाणकाराचे साह्य यांतून हा धडा पक्का झाला. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे लंडनला त्यांनी दिलेली साक्ष आणि १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळातील अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण ही त्याची फळे. तिजोरीतील शिल्लक म्हणजे रयतेची समृद्धी नव्हे, ती जादा कराची वसुली आहे, हे त्यांनी हिशेबानिशी मांडले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ पासून टप्प्याटप्प्याने घटत तो १९०७ मध्ये एक रुपयावर आला. या कपातीमागे गोखल्यांचा पाठपुरावाही होता.

असे काम एकट्याच्या बळावर चालणार नाही, हे ओळखून १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सदस्यांनी अर्थार्जनाचा विचार सोडून पूर्ण वेळ अभ्यास आणि सेवा करायची. त्यांच्या संसाराची जुजबी तरतूद संस्थेने करायची. साहजिकच दरमहाच्या खर्चाची चिंता संस्थापकाच्या माथी आली. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या लढ्यासाठीही त्यांनीच निधी उभा केला. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी १९०९ मध्ये त्यासाठी २५ हजार रुपये दिले.

पैशाच्या प्रश्नाने सर्वांत मोठा घाव घातला तो प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकावर. मार्च १९११ मध्ये मांडलेले हे विधेयक अत्यंत सावध होते. जेथे मुलांची शाळेतील उपस्थिती आधीच ठरावीक प्रमाणात आहे, तेथेच स्थानिक संस्थांनी ६ ते १० वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे, तेही सरकारच्या संमतीने. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा, अशी त्यांची अपेक्षा होती. सरकारने खर्चाचे कारण पुढे केले; नव्या शिक्षणपट्टीच्या धास्तीने काही हिंदी सभासदही विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले.

पराभवाने ते खचले नाहीत, पण मधुमेह आणि अविश्रांत श्रम यांनी शरीर पोखरले होते. १९१५ च्या आरंभी गांधीजी पुण्यात आले, तेव्हा त्यांच्या नियोजित आश्रमाचा खर्च समाजाने उचलावा, म्हणून गोखल्यांनी संस्थेच्या वहीत त्यांच्या नावे खाते उघडण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. १९१८ मध्ये मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाची मुभा मिळाली. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धोरणाच्या अभ्यासाला हक्काचे घर मिळाले. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा देशव्यापी कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, तोवर गोखल्यांच्या विधेयकाला ९९ वर्षे झाली होती.